दादाची चाळणी

मला इंग्रजी येत नाही, हे आधीच सांगून टाकते. सातवीत शाळा सुटली आणि शिवणाच्या मशीनवर बसले ती अजून बसलेलीच आहे. पँटी आखूड करणं, चेन बदलणं, शाळेचे गणवेश, पडद्यांच्या कडा, असली कामं. फोनवर मराठी टाइप करायला लेकीने शिकवलं म्हणून हे लिहिते आहे. चुका असतील. दादा असता तर लाल पेन घेऊन शेजारी बसला असता.

दादा म्हणजे माझा मोठा भाऊ. तो एका क्लासमध्ये इंग्रजीचे प्रश्न बनवायचा. शिकवायचा नाही. शिकवायला दुसरे होते, कडक इस्त्रीवाले, पुढच्या खोलीत माइक घेऊन. दादा मागच्या खोलीत झेरॉक्सच्या मशीनशेजारी बसायचा, कागद उडतात म्हणून पंखा बंद करून, घाम पुसत. नोकरीच्या परीक्षा असतात ना, कारकुनाच्या वगैरे, त्यात एक वाक्य असतं आणि खाली चार उत्तरं. ते कोणीतरी बसून बनवलेलं असतं हे कोणाच्या डोक्यातच येत नाही. माझ्याही आलं नव्हतं. मी एकदा म्हटलं, यात काय एवढं, उत्तर तर तुला माहीतच असतं. तर म्हणाला, अगं खरं उत्तर फुकट मिळतं, खोटी तीन बनवायला लागतात ना, ती खऱ्यासारखी दिसली पाहिजेत, त्यात जीव जातो.

त्याचा हातखंडा होता जोडीच्या शब्दांवर. इंग्रजीत म्हणे काही शब्द जोडीनेच फिरतात. आयदर आलं की मागून ऑर आलंच पाहिजे, नायदर आलं की नॉर, बोथ आलं की अँड. आणि नुसती जोडी जमून भागत नाही, एकाच्या मागे जसलं येतं तसलंच दुसऱ्याच्याही मागे यायला हवं. हे मला समजावताना त्याने माझ्या मांडीवरचा फ्रॉक उचलला आणि विचारलं, एका बाहीला चुण्या घातल्यास, मग दुसरीला घालशील की नाही? म्हटलं घालीन बाबा, नाहीतर गिऱ्हाईक तोंडावर फेकून जाईल. म्हणाला, बस, एवढंच आहे. मुलं यातच मार खातात. एक बाही चुण्यांची, एक साधी, आणि तोच फ्रॉक घालून ऐटीत हिंडतात.

नवरा गेल्यावर मी लेकीला घेऊन दादाकडे आले ती तिथलीच झाले. दादाचं लग्न झालेलं नव्हतं. कोणी विचारलं तर सांगायचा, नायदर मुलगी मिळाली नॉर सवड.

संध्याकाळी क्लासातून आला की चहाचा कप घेऊन माझ्या मशीनसमोर बसायचा आणि दिवसभरात बनवलेले प्रश्न मला वाचून दाखवायचा. मला एक अक्षर कळत नव्हतं, म्हणूनच मला विचारायचा. त्याचं म्हणणं असं, की ज्याला काहीच येत नाही त्याने नुसत्या कानाने बरोबर उत्तर पकडलं तर तो प्रश्न कुचकामी. मी आपली कापड सरकवत ऐकायचे. इंग, इंग, इंग असं तीनदा वाजलं आणि मधेच एक टू वाजला, की मी म्हणायचे, तो टूवाला वाकडा आहे. दादा कपाळाला हात लावायचा आणि प्रश्नावर काट मारायचा. मी चुकले की मात्र खूश. म्हणायचा, पास. मला नावच ठेवलं होतं त्याने, चाळणी. चहा होईपर्यंत दारातूनच हाक, चाळणे, चष्मा कुठे ठेवलाय माझा? आयुष्यात चुकल्याबद्दल मला शाबासकी देणारा तो एकटाच.

वाक्यं सगळी आमच्या घरातली. सकाळी आमचं भांडण झालं की संध्याकाळी त्याचा प्रश्न व्हायचा. माझी कात्री नेहमी हरवते. मग एक बाई आली त्याच्या वाक्यात, टेलरबाई, तिला नायदर कात्री सापडते नॉर राग आवरतो. दुसऱ्यात टेलरबाई आणि तिची मुलगी दोघी उशिरा येतात. मी म्हणायचे, माझी अब्रू घालव तू सगळ्या परीक्षांत. तो म्हणायचा, नाव कुठे घातलंय तुझं.

पुढे पुढे मी अवघड प्रश्नांतही बरोबर उत्तर सांगायला लागले. कानाला वळणच पडलं तसं. दादा वैतागायचा. चाळणीची भोकं बुजायला लागली म्हणायचा, काहीच खाली पडत नाही, तू शिकायला लागलीस तर माझं कसं व्हायचं. यावर आम्ही दोघं हसायचो. हसताना कोणाला काही सुचायला हवं होतं, ते सुचलं नाही.

कारण माझ्या पायाशी लेक बसलेली असायची. लहानपणापासून शर्टांना बटणं लावायचं काम तिचं, म्हणून मामाने तिचं नाव ठेवलं बटण. ती मान खाली घालून काजाबटणाचं करत असायची. तिला कोणी विचारत नव्हतं, आणि तू ऐकू नकोस असंही कोणी म्हणत नव्हतं. मी ऐकून शिकले हे दादाला दिसलं. ती ऐकून शिकली हे दिसलं नाही.

बटण मोठी झाली, कॉलेज झालं, आणि एका मोठ्या दवाखान्यात कारकुनांच्या जागा निघाल्या त्यांची परीक्षा तिने दिली. दादाने तिला शिकवलं नाही, मुद्दाम. म्हणाला, घरचा माणूस आहे मी, उगीच कोणी बोलायला नको, दुसऱ्या सरांकडे जा. एवढा जपून होता.

परीक्षेहून ती आली ती चपलेसकट आत. दादा चहा पीत होता.

"मामा, सगळे तुझेच होते," ती म्हणाली. "इंग्रजीचा अख्खा भाग. टेलरबाईसुद्धा होती. मला तर वर्गात हसू येत होतं."

दादाने कप खाली ठेवला. कुठले, म्हणाला, सांग. ती सांगत गेली आणि तो पुढचं वाक्य पुरं करत गेला. मग करायचं थांबला. ती बिचारी अजून हसतच होती. तिला वाटलं होतं मामा खूश होईल.

झालं होतं असं, की क्लासवाल्या सरांनी दादाने इतक्या वर्षांत केलेला प्रश्नांचा सगळा साठा परीक्षा घेणाऱ्या लोकांना देऊन टाकला होता, आणि दादाला सांगायचं त्यांच्या मनातही आलं नव्हतं. त्यांच्या लेखी ते प्रश्न क्लासचे. दादा दुसऱ्या दिवशी त्यांच्याकडे गेला आणि सांगितलं, माझ्या भाचीने हे घरात ऐकलेले आहेत. सर म्हणाले, म्हणजे काय, तुम्ही तिला पेपर दिलात का? नाही ना? मग झालं. आणि हे बाहेर बोलू नका, माझा क्लास बंद पडेल, तुमची भाची घरी बसेल आणि तुम्ही पण.

हे त्याने घरी येऊन मला सांगितलं, जसंच्या तसं. लेक बाहेर गेली होती.

निकाल लागला तेव्हा तो लेकीबरोबर बघायला गेला. भिंतीवर लावला होता. लेक पहिल्या ओळींत होती. तिच्या शेजारीच मेडिकलवाली उभी होती, आमच्या वळणावरच्या औषधाच्या दुकानात काउंटरवर असते ती, दादाच्या ब्लडप्रेशरच्या गोळ्या तिच्याचकडून यायच्या. दुकानातला निळा कोट घालूनच आली होती, मधल्या सुट्टीत. तिचं नाव निवडलेल्यांच्या खाली पहिलं होतं. म्हणजे एक कोणी गळलं असतं तर ती आत. ती दादाला म्हणाली, सर, थोडक्यात हुकलं हो, इंग्रजीनेच घालवलं. आणि लेकीचं अभिनंदन करून दुकानात परत गेली.

त्या दिवसापासून दादा उतरला.

एकदा तो दवाखान्याच्या फाटकापर्यंत जाऊन आला. मोठ्या साहेबांना सांगायचं ठरवून गेला होता. परत आला, माझ्यासमोर बसला, चहा नको म्हणाला. मला विचारलं, "तू सांग. जाऊ की नको?"

मी सुई ओवत होते. मी ओवत राहिले. लेकीचा पहिला नोकरीचा महिना होता, नव्या चपला दारात होत्या. जा म्हणवलं नाही, आणि नको म्हणायची हिंमत झाली नाही. दोन्ही त्याच्यावर टाकलं. तो उठून आत गेला. पुन्हा कधी विचारलं नाही.

मग घर गप्प झालं. दादाने मला प्रश्न वाचून दाखवणं सोडलं. क्लासात काय ते करायचा आणि कागद तिथेच ठेवून यायचा. मी एकदा म्हटलं, चाळणी मोडीत काढलीस का रे? तो हसला, पण तोंडदेखलं. लेकीने पहिल्या पगाराचा त्याला शर्ट आणला. सुंदर, आकाशी. बाह्या जरा लांब होत्या, मी कमी करून दिल्या. तो शर्ट त्याने कपाटात घडी करून ठेवला आणि जुनेच घालत राहिला. लेक हिरमुसली. मला म्हणाली, मामाला माझी नोकरी आवडली नाही का गं? मी म्हटलं त्याला जुन्या कपड्यांचीच सवय. काय सांगणार होते.

आणि रोज संध्याकाळी बाहेर. येतो फिरून म्हणायचा आणि अंधार पडल्यावर यायचा, पाय सुजलेले. मी गरम पाण्याची बादली द्यायचे आणि बोलायचे, या वयात कशाला एवढं चालायचं, कोण शर्यत लावतंय तुझ्याशी. गोळ्यासुद्धा एकेक पाकीट आणायचा. मी म्हणायचे एकदम महिन्याच्या आण ना, हेलपाटा वाचेल. म्हणायचा, तेवढंच फिरणं होतं. मला त्याचा राग यायचा, खरं सांगते. वाटायचं, घरात आम्हा मायलेकींची तोंडं बघायला नकोत म्हणून बाहेर राहतो.

एका दुपारी क्लासातच गेला. त्या मागच्या खोलीत, खुर्चीत बसल्याबसल्या. झेरॉक्सवाला पोरगा आत आला तर पेन हातातच होतं.

चष्मा मात्र कुठे मिळेना. क्लासात नाही, घरात नाही, खिशात नाही. वेडेपणा बघा, माणूस गेला आणि मी चष्मा शोधत होते. उशा उलट्या करून पाहिल्या. आता मला चाळणे म्हणून विचारणारं कोणी नव्हतं आणि मीच शोधत होते.

भेटायला येणारी माणसं ओसरल्यावर मेडिकलवाली आली. दुकानातूनच आली होती, निळा कोट अंगात तसाच. दारातच थांबली. तिच्या हातात चष्मा होता, रुमालात गुंडाळलेला.

"सर विसरून गेले होते," म्हणाली. "आदल्या संध्याकाळी."

मी तिला आत घेतलं. ती बसल्या बसल्या दादाचं कौतुक करायला लागली. सर रोज यायचे, म्हणाली. गिऱ्हाईक नसलं की मला इंग्रजी शिकवायचे, गोळ्यांच्या पाकिटांच्या पाठीवर वाक्यं लिहून. नायदर खोकला गेला नॉर ताप, असली. पुढच्या परीक्षेला बसतेय ना मी. फुकट शिकवलं हो, कोण करतं एवढं.

आता कळलं मला तो कुठे फिरायचा ते. आणि मला ते ऐकवेना. ती त्याला देव करत होती आणि का शिकवत होता ते मला माहीत होतं. दादाला नाही बोलता आलं, फाटकावरून परत आला तो, निदान मी तरी बोलावं. मी म्हटलं, "थांब. तुला एक सांगायचंय. त्या परीक्षेचं."

"माहीत आहे, ताई," ती म्हणाली.

म्हटलं, कोणी सांगितलं तुला?

"सरांनीच, शिकवायला लागायच्या आधी. तुमची लेक नोकरीला लागली त्याच महिन्यात. गोळ्या मागितल्या आणि एका दमात सगळं सांगून टाकलं. तक्रार कुठे करायची तेही सांगितलं. म्हणाले, माझ्या पायात बळ नाही जायचं, तू जा, मी नाही म्हणणार नाही."

मी विचारलं, मग का नाही गेलीस? ती म्हणाली, जाणार होते. मग वाटलं, सगळी परीक्षाच रद्द होईल, तिची जागा जाईल आणि मला तरी कुठे मिळेल. परत सगळे रांगेत. पण राग गेला नव्हता. सरांना म्हटलं, मला पास होईपर्यंत शिकवायचं. बरं म्हणाले. दुसऱ्या दिवसापासून यायला लागले.

इथे ती अडखळली. पदराशी नाही, कोटाच्या बटणाशी खेळत बसली. मग जे सांगायला आली होती ते बोलली.

"मी त्यांना बसायला दिलं नाही, ताई. आत स्टूल आहे आमच्याकडे. किती दिवस त्यांना काउंटरबाहेर उभं ठेवलं. मला दिसायचं, एका पायावरून दुसऱ्या पायावर करायचे, पाय सुजलेले. गोळ्या मीच देत होते, मला का कळत नव्हतं? म्हटलं राहू दे उभे. पुढे राग निवला, पण तोवर उभं राहायची सवयच पडली होती आणि आता बसा म्हणायची मलाच लाज वाटायला लागली. शेवटपर्यंत उभेच होते."

ती बादली माझ्या डोळ्यांसमोर आली. त्या सुजलेल्या पायांवर मी रोज तोंडसुख घेतलं होतं आणि तो पाण्यात पाय सोडून गप्प ऐकत होता. तिला मी म्हटलं, मीपण बोलायचे गं त्याला. तिला त्याने बरं वाटलं की नाही माहीत नाही.

दारात आवाज झाला. लेक कामावरून आली होती, पिशवी खांद्यावरच. किती ऐकलं कोण जाणे, पण पुरेसं ऐकलं होतं. मेडिकलवालीकडे बघायची तिची हिंमत होत नव्हती, मलाच म्हणाली, मामा मला का नाही बोलला?

उत्तर मेडिकलवालीने दिलं. "मी विचारलं होतं त्यांना, घरी माहीत आहे का म्हणून. म्हणाले, बटणला नको. रोज खिडकीवर आजारी माणसं येतात तिच्यासमोर. तिचा हात लिहिताना थरथरायला नको."

लेक आत गेली. मला वाटलं रडायला गेली. कपाटाचं दार वाजलं, आणि ती तो आकाशी शर्ट हातात घेऊन बाहेर आली, नुसता धरून उभी राहिली. मग तिने तो मशीनवर ठेवला, कोपऱ्यातली दादाची खुर्ची ओढली आणि मेडिकलवाली सतरंजीवर बसली होती तिला म्हणाली, ताई, इथे बसा. ती नको नको म्हणत होती. लेक हलेना. शेवटी ती बसली, टोकाला, परक्यासारखी. लेक उभीच राहिली.

मग लेक म्हणाली, "मी उद्या जाऊन सांगते."

"मग माझी परीक्षा कोण देणार?" मेडिकलवाली म्हणाली. "ऐन तोंडावर आलीय. तू जाऊन सांगशील, ते सगळ्याच परीक्षा थांबवतील, आणि माझं वय काय थांबणार आहे? बसायला लावलंस ना मला सरांच्या खुर्चीत, मग सरांचं राहिलेलं काम कर. अर्धं शिकवून गेलेत. दुकानात ये रोज. स्टूल देईन."

ती हे हसून म्हणाली नाही. थोडा राग अजून होताच त्यात, आणि असायलाच हवा. लेकीने मान हलवली. म्हणाली, येईन, पण तुमचा निकाल लागला की मी जाऊन सांगणार, तो काही लागो. तेव्हा अडवू नका. मेडिकलवाली म्हणाली, तेव्हाचं तेव्हा. माझ्याकडे दोघींनी बघितलं. या वेळी मला कोणी विचारलं नव्हतं, तरी मी म्हटलं, जा. सांग. हे त्याला म्हणायला हवं होतं. लेकीला म्हणायला काय, ती तशीही जाणारच आहे.

उठताना मेडिकलवालीने कोटाच्या खिशातून गोळ्यांचं रिकामं खोकं काढलं, उलगडून सपाट केलेलं. आतल्या बाजूला तिचं अक्षर होतं. म्हणाली, सरांनी मला प्रश्न बनवायला लावला होता. ज्याला खोटी उत्तरं बनवता येतात तो फसत नाही म्हणायचे. हा बनवला, पण ते म्हणाले मी नाही सांगणार कसा झालाय, घरी चाळणी आहे, ती सांगेल. आणि दुसऱ्या दिवशी गेले.

मला लिहितानाही कसंतरी होतंय. इतक्या महिन्यांत तो घरात एक प्रश्न वाचत नव्हता आणि तिथे काउंटरबाहेर उभा राहून माझं नाव घेत होता.

म्हटलं, वाच.

तिने वाचला. एक केमिस्ट होता त्यात आणि एक म्हातारा. नायदर होतं, नॉर होतं. मग चारही उत्तरं वाचली, सावकाश. मी डोळे मिटून ऐकलं, मशीनवर बसल्यासारखं. लेकीने काही सांगितलं नाही, ओठ घट्ट मिटून उभी होती. मला दुसरं बरोबर वाटलं. चांगलं वाजत होतं ते, दोन्ही बाह्या सारख्या. म्हटलं, दुसरं.

"नाही," मेडिकलवाली म्हणाली. "तिसरं."

मी चुकले होते. त्या दोघी माझ्याकडे बघत होत्या, मी काय म्हणते म्हणून. ते म्हणणं माझं नव्हतं, त्याचं होतं, तो कप खाली ठेवून म्हणायचा. पण तो नव्हता, तेव्हा मीच म्हटलं, पास.